दुरुस्तीला दिलेली कडी

मे महिना लागला की आमच्या कोपरच्या सोसायटीत कुणाच्या तरी घरातून गहू भिजल्याचा आंबूस वास येतो. कुरडया घरी करणारं सबंध इमारतीत आता एकच घर उरलंय, तिसऱ्या मजल्यावरचं. बाकी आम्ही सगळ्या विकत आणणाऱ्या. पण तो वास जिन्यात उतरला की लिफ्टची वाट बघता बघता मी दहा वर्षांची होते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आत दोन गल्ल्या सोडून असलेली आमची तीन मजली इमारत, तिची चुना फासलेली गच्ची, गच्चीवर अंथरलेल्या आईच्या जुन्या सुती साड्या, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी घालून बसलेली माझी शैलाआत्या. इतकी वर्षं हा वास मला आवडत आला. यंदा आवडला नाही. यंदा त्या वासानं माझं डोकं फिरलं, आणि त्याला कारण एक जाडजूड पुस्तक.

पण आधी गच्ची. कुरडया घालायच्या आयांनी आणि राखायच्या मुलांनी, असा आमच्याकडे रिवाज होता. राखणीची मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक मिळायचा, वर साखर आणि तुपाची धार. तो चीक खाताना जीभ भाजली नाही असा एकही मे महिना गेला नसेल. कावळ्यांसाठी एक मोडकी काळी छत्री उघडून ठेवलेली असायची. कावळे तिला दोन दिवस भ्यायचे, तिसऱ्या दिवशी तिच्यावरच येऊन बसायचे. मग उरायचो आम्ही तिघं: मी, खालच्या मजल्यावरचा मिलिंद आणि शेजारची कुंदा. आमच्यावर लक्ष ठेवायला आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहणारी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. ती इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. मे महिन्यात शिकवण्या बंद, म्हणून गच्चीची ड्यूटी तिच्याकडे.

वर येताना ती नाक्यावरच्या वाचनालयातून एक कॉमिक घेऊन यायची. परदेशातली, इंग्रजी, कुणाकुणाच्या रद्दीतून फिरत आलेली ती कॉमिकं. वाचनालयवाले काका त्यांना खाकी कव्हर घालून वर दोन टाचण्या मारायचे, आणि दिवेलागणीच्या आत परत मिळालं नाही तर आत्यालासुद्धा बोलायचे. आम्ही तिघंही मराठी शाळेतले. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे आमची अजून एबीसीडीशीच ओळख चालली होती. त्यामुळे वाचायची आत्या आणि ऐकायचो आम्ही. नजर इंग्रजीवर आणि जीभ मराठीवर, मध्ये कुठे अडखळणं नाही. एक पान वाचून झालं की ती ते आमच्याकडे वळवून चित्रं दाखवायची. ती नुसती चित्रं नव्हतीच आमच्यासाठी. तोवर आमच्या कानांनी सगळं बघून झालेलं असायचं.

त्या कॉमिकांची नायिका होती वेलोरा. दिवसा शहराच्या नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरी करणारी, आणि संकट आलं की दोन्ही मनगटांतली चांदीची कडी एकमेकांवर आपटून आकाशात झेपावणारी. शक्ती सगळी त्या कड्यांत. तिच्यावर एक कॅप्टन होता, रुंद खांद्यांचा, कायम कमरेवर हात ठेवून उभा असलेला. आत्याच्या तोंडून वेलोरा अगदी आमच्या जिन्यातल्या बायकांसारखी बोलायची. "मेल्या, लहान पोरांच्या शाळेवर बाँब टाकतोस? ये खाली, बघतेच तुझ्याकडे." कॅप्टन ओरडायचा, "वेलोरा, थांब! मी सांगेपर्यंत जायचं नाही." आणि वेलोरा वळून म्हणायची, "कॅप्टन, मी विचारून उडत नाही."

हे वाक्य दर अंकात एकदा तरी यायचंच. ते आलं की आम्ही तिघं इतके ओरडायचो की छत्रीवरचा कावळासुद्धा उडून जायचा.

अंक मिळायचे उलटसुलट, हाती लागेल तसे. त्यामुळे वेलोरा एका दिवशी कॅप्टनच्या खांद्यावर मान टाकून बेशुद्ध पडलेली असे, तर दुसऱ्या दिवशी एकटी रेल्वेचा पूल पेलून धरलेली. एका अंकात हसरी, दुसऱ्यात नुसती ओठ मिटून बघणारी. नाकडोळे तेच, कपडे तेच, पण बाई जणू वेगळीच. तिच्यामागे वेगवेगळे लिहिणारे आहेत, हे आम्हाला काय माहीत! आम्हाला वाटायचं, तिच्या घरी काहीतरी झालं असेल. कुंदाचं मत होतं की तिला सासुरवास आहे. मिलिंद म्हणायचा, बेशुद्ध पडते तेव्हा तिला उपास असतो. एकदा मी आत्याला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "अगं नंदू, माणूस रोज सारखं असतं का? मी तरी असते का?" ते मला पटलं, कारण त्या मे महिन्यात आत्याही रोज सारखी नव्हती.

तिला दिल्लीला बोलावणं आलं होतं. सरकारी कचेरीत मराठी अनुवादकाची जागा, राहायला वसतिगृह. परीक्षा तिनं कुणाला न सांगता दिली होती. आणि त्याच आठवड्यात ठाण्याहून स्थळ सांगून आलं होतं: पाचपाखाडीत स्वतःचं घर, मुलगा बँकेत, माणसं सुशिक्षित. घरात दार लोटून बोलणी चालायची. बाबा म्हणायचे, "दिल्ली काय दिवा-मुंब्रा आहे, संध्याकाळी परत यायला?" आई चीक ढवळत राहायची. संध्याकाळी वारा फिरला की मानपाड्याकडून कारखान्यांचा रसायनी वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. त्या बंद घरात आत्या आल्यागेल्याचा चहा करायची आणि गॅससमोर उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी इंग्रजी म्हणत राहायची.

आम्ही मात्र निश्चिंत होतो. आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आत्या दिल्लीला जाणार. जी बाई रोज आमच्यासमोर वेलोराच्या आवाजात बोलते, ती पोह्यांच्या बशा घेऊन कुणापुढे उभी राहील? मुलाकडचे रविवारी आले तेव्हा आम्ही तिघं जिन्याच्या वळणावर बसून होतो. मिलिंदनं तर पाहुण्यांच्या चपला आधीच सरळ करून ठेवल्या होत्या, चिडून निघाले तर वेळ लागायला नको म्हणून. ती माणसं हसत हसत खाली उतरली. मागोमाग आत्या दाराशी आली, निळ्या साडीत, केसांत गजरा.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हो म्हणाले."

आम्हाला खरंच वाटेना. मिलिंदचा चेहरा रडवेला झाला. "पण आत्या, मी विचारून उडत नाही, ते?"

"अरे, ते पुस्तकातलं," ती म्हणाली, आणि गजरा काढत आत गेली.

ते पुस्तकातलं. हे दोन शब्द मला जन्मभर पुरले. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला तेव्हा नाव देता आलं नव्हतं, आज देता येतं. मला दगा झाल्यासारखं वाटलं. पण मी दहा वर्षांची होते आणि हट्टी होते, म्हणून मी एक हिशेब केला: आत्या खोटी, पुस्तक खरं. आत्यानं माझा घात केला असेल, वेलोरानं नाही. ती तिकडे कुठेतरी न विचारता उडतेच आहे.

पुढच्याच आठवड्यात आत्या शेवटची गच्चीवर आली. आम्ही रुसून बसलो होतो, पण तिच्या हातात कॉमिक होतं आणि वेलोरापुढे आमचा रुसवा टिकेना. त्या अंकात पूल, आग, हाणामारी सगळं होतं. आत्या वाचत होती, पण आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. शेवटच्या पानावर वेलोरा दोन्ही कडी काढून कॅप्टनच्या हातावर ठेवते आहे, असं चित्र होतं. ते बघून कुंदा किंचाळली, "कडी का दिली?"

आत्यानं पान जरा जवळ धरलं. "दुरुस्तीला दिलीत," ती म्हणाली. "लढाईत चेपली ना. पुढच्या अंकात परत मिळतात."

त्या पुढच्या अंकासाठी आम्ही जून उजाडेपर्यंत वाचनालयाच्या पायऱ्या झिजवल्या. काका म्हणायचे, "नाही रे बाळांनो, यापुढचा आलाच नाही." आत्याचं लग्न झालं, ती पाचपाखाडीला गेली, कुरडयांचे डबे भरून फळीवर चढले, आणि माझ्या मनात वेलोराची कडी कुठल्यातरी दुकानात दुरुस्त होत पडून राहिली.

चोविसाव्या वर्षी माझ्यासाठी स्थळ आलं. तेही ठाण्याचं, याला योगायोग म्हणायचा की बाबांची आवड, कोण जाणे. बाबांनी रविवार ठरवून टाकला होता. मी म्हटलं, "बाबा, मी विचारून उडत नाही." बाबांनी पेपर खाली घेतला. "कोण उडतंय?" त्यांना बिचाऱ्यांना काही कळलं नाही. मी बंगळूरला नोकरी धरली, सहा वर्षं राहिले, परत आले, कोपरला स्वतःचं घर घेतलं. लग्न केलं नाही. करायचंच नाही असं काही नव्हतं, पण ज्या ज्या वेळी कुणी म्हणालं की आधी विचारायचं तरी, त्या त्या वेळी ते वाक्य माझ्या ओठांवर तयार असायचं. त्याचं दुसरं टोकही मला ठाऊक आहे. तापानं फणफणले असताना, "जाऊ का गं डॉक्टरकडे?" असं विचारायलाही घरात कुणी नसतं. तरी मी कुरकुरले नाही. माझ्या पाठीशी वेलोरा होती, आणि ती छापील होती.

आता ते पुस्तक. कळव्याला राहणाऱ्या माझ्या भावाची मुलगी ईशा यंदा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली. तिनं कुठूनतरी शोधून वेलोराच्या जुन्या अंकांचा एकत्र खंड मागवला. मी लहानपणापासून तिचं डोकं खाल्लंय ना वेलोरावरून. वाचून झाल्यावर तो खंड घेऊन ती माझ्याकडे आली आणि सोफ्यावर पाय पसरून बसली.

"आतू, राग मानू नकोस. पण ही तर फुल रडकी आहे यार."

"काहीतरीच काय! कुठला अंक वाचलास?"

"सगळे. तू म्हणायचीस तो डायलॉग कुठाय? मी विचारून वगैरे? मला तर कुठेच नाही सापडला."

मी हसले. म्हटलं, तुमच्या पिढीला धीर नाही, नीट वाचत नाही तुम्ही. ती गेल्यावर खंड घेऊन बसले. प्रत्येक गोष्टीच्या आरंभी लिहिणाऱ्याचं नाव दिलेलं. म्हणजे तिचे ते मूड, तो उपास आणि तो सासुरवास, सगळे वेगवेगळे पुरुष होते तर.

पहिल्या लेखकाची वेलोरा दर पाचव्या पानाला बेशुद्ध पडते. वादळातून येते, तरी एक केस विस्कटलेला नसतो. प्रत्येक वेळी म्हणते, "कॅप्टन, मी जाऊ का?" अगदी असंच. शाळेत एकीला जायचं म्हणून बोट वर करून विचारतात तसं. तिथे पहिली ठेच लागली. त्याला मी माफ केलं, जुना काळ म्हणून. दुसरा लेखक भला माणूस असावा. त्याची वेलोरा उडून आल्यावर गच्चीच्या कठड्यावर टेकते आणि पाय चोळते. तिला भूक लागते. पूल धरून उभी असताना तिला खाज सुटते आणि खाजवता येत नाही, तर ती स्वतःवरच हसते. हिच्यावर माझा जीव जडला. वाक्य असेल तर इथेच, म्हणून त्याचे अंक मी बोट ठेवून ठेवून वाचले. नव्हतं. त्याच्याकडे वेलोरा विचारत नाही हे खरं, पण तसं सांगतही नाही. नुसती गप्प निघून जाते. त्याचे अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बहुधा खपले नसावेत.

मग तिसरा. यानं तिची बहीण मारली, ती का, तर कॅप्टनला राग यावा म्हणून. बहीण हिची, सूड त्याचा. वेलोरा पानंच्या पानं भिंतीला टेकून बसलेली. मला त्या माणसाचा इतका राग आला की पुस्तक पालथं घालून मी भांडी घासायला घेतली. ज्या बाईला दुसऱ्यानं भूक दिली, हसू दिलं, तिचं सगळं यानं काढून घेतलं, आणि ते चित्र काढणाऱ्यानं किती मन लावून काढलं! खंडाच्या शेवटी अलीकडचा एक नवा लेखकही आहे. त्याची वेलोरा कुणाचं ऐकत नाही, पण ती बोलते निवडणुकीच्या व्यासपीठावरून बोलावं तसं. ईशा म्हणालीच होती, "ती नवीन पण बोअर आहे, नुसती भाषणं देते." खरं आहे. तिला कुठे खाज सुटत नाही.

ते वाक्य कुठेच नव्हतं. पुलाच्या अंकात नव्हतं, शाळेच्या अंकात नव्हतं. ज्या चौकोनात ती कॅप्टनकडे वळून बघते, जो मला डोळे मिटूनही दिसतो, त्यातल्या फुग्यात लिहिलंय, "जशी तुमची आज्ञा, कॅप्टन."

मला आधी रडू आलं नाही, राग आला, आणि तो त्या लिहिणाऱ्यांचा नव्हता. ज्या एका वाक्यावर मी बापाला गप्प केलं, शहरं बदलली, रिकाम्या घराची किल्ली फिरवली, ते एका टाकीच्या सावलीत कुणीतरी आम्हाला राखणीत गुंतवायला रचलं होतं. आणि जिनं रचलं, तिनं स्वतः ते दोन आठवडेही पाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंड पिशवीत घालून पाचपाखाडी गाठली. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दार उघडलं. भला माणूस. त्यांनी आत्याला कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. आत्या साठी उलटलेली, केस पांढरे, पण मांडी घालून बसणं अजून तसंच. तिनं आतोबांना विचारलं, "अहो, आम्ही आतल्या खोलीत बसू का? तुमची बातम्यांची वेळ आहे." ते म्हणाले, "बसा की." मी तिच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या घरातल्या खोलीत बसायला तिनं विचारलं होतं, आणि विचारल्याचं तिला कळलंही नव्हतं.

मी खंड तिच्या मांडीवर ठेवला. तिनं मुखपृष्ठावरून हात फिरवला. "अगो बाई, ही कुठे भेटली तुला?"

"आत्या, यात ते वाक्य नाहीये."

तिनं कुठलं म्हणून विचारलं नाही. पंख्याकडे बघत म्हणाली, "नसणारच."

"तू म्हणालेलीस, ते पुस्तकातलं. मिलिंदला म्हणालेलीस, दारात उभी राहून. पुस्तकात नव्हतं तर कुठलं होतं?"

बाहेर बातम्या सुरू झाल्या होत्या. ती आवाज खाली आणून म्हणाली, "माझं होतं. पण तेव्हा माझं आहे असं सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतंत, मग पाहुण्यांना तू तेच का नाही म्हणालीस? काय सांगणार होते मी तुम्हाला?"

"मी त्याच्यावर आख्खं आयुष्य काढलंय, आत्या."

"माहितेय मला. तुझे बाबा मला फोन करून विचारायचे, ही काय उडण्याबिडण्याचं बोलते." ती किंचित हसली, मग हसणं थांबवलं. "तुला ते छापलेलं वाटत होतं, नंदू. म्हणून तुला जमलं. मला ठाऊक होतं, ते मी चीक शिजेपर्यंत रचलेलं आहे. स्वतः रचलेल्यावर कोण विश्वास ठेवतं?"

माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता तो ठेवायला जागा नव्हती. मग मी एक वेडेपणा केला. तिनं गच्चीवर शेवटी वाचलेला तो अंक उघडला आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "वाच. तेव्हा वाचायचीस तसं वाच."

तिनं चष्मा लावला. आणि खरंच, तोच आवाज. नजर इंग्रजीवर, जीभ मराठीवर. पूल आला, आग आली. मला चुन्यानं माखलेले माझे तळपाय आठवले, साखर घातलेला चीक आठवला. पेटत्या पुलाखालून वेलोरा वर आली, कॅप्टन म्हणाला थांब, आणि मी त्याच वाक्याची वाट बघत बसले. आत्या म्हणाली, "जशी तुमची आज्ञा, कॅप्टन." ती जसंच्या तसं वाचत होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जी जागा तिला दिल्लीत मिळाली होती तिथे तिनं असंच चोख काम केलं असतं. शेवटचं पान आलं. "मी फार थकले आहे," आत्या वाचत होती, "मला आता कुठेही उडायचं नाही. तुम्ही न्याल तिथे येईन." तिनं पुस्तक मिटलं.

"आणि कडी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच दहा वर्षांच्या मुलीसारखा वाटला.

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. "कडी तिनं देऊन टाकली गं. दुरुस्तीला नव्हती दिली."

बाहेरून आतोबांनी चहाचं विचारलं, ती "आले" म्हणून उठली. मला तिला हाक मारून सांगायचं होतं की आत्या, सगळं खरं वाचायचंस, पण एवढं एक तरी तसंच ठेवायचं होतंस.